एक लाख पाच हजार सोडून सत्तर हजारांवर यावे का?

प्रश्न : मी 39 वर्षांचा असून नाशिकमध्ये एका खासगी बँकेच्या शाखेत उपव्यवस्थापक आहे. येत्या 10 मे रोजी या बँकेत मला पाच वर्षे पूर्ण होतील. सकाळी पावणेनऊला मीटिंग, दुपारी आणि संध्याकाळी कॉन्कॉल (फोनवरची सामूहिक बैठक), घरी पोहोचायला रात्रीचे साडेआठ-नऊ. पगार 1,20,000, हातात 1,05,000 येतात. वर्षभरात रक्तदाब 150/100 वर गेला आहे. पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप लागत नाही. रविवारी मी फोन स्वयंपाकघरात मिक्सरच्या मागे ठेवतो. तो वाजला की माझी आठ वर्षांची मुलगी तो घेऊन येते आणि ‘बाबा, कॉन्कॉल’ म्हणते. विक्रीचे काम नसलेल्या ऑपरेशन्स विभागात बदली मी दोनदा मागितली, मिळाली नाही. येथील एका शिक्षणसंस्थेत लेखाधिकाऱ्याची जागा 1 जूनपासून मिळते आहे. पगार 72,000, हातात 70,000. पत्नी बालवाडीत शिकवते, तिला 14,000 मिळतात. हप्ते, घरखर्च, औषधे, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) मिळून महिन्याला 83,000 लागतात. गृहकर्ज आमच्याच बँकेचे, कर्मचारी दराचे, 24 लाख बाकी आहेत. वडील नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले. ते म्हणतात, ‘पिकल्या पानाचं ऐक, बसल्या ताटावरून उठू नये.’ काय करू?

ता.क. ऑक्टोबरमध्ये एका निवृत्त शिक्षिकेच्या पाच लाखांच्या ठेवीची मुदत संपली. त्यातले एक लाख मी विमा पॉलिसीत घातले. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही सांगताय ना, मग कुठे सही करू तेवढं दाखवा.’ हे लाख रुपये दहा वर्षे दरवर्षी भरायचे आहेत हे त्यांना कळलेले नव्हते, आणि त्यांना कळलेले नाही हे मला कळले होते.

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना ते पगाराविषयीचे वाटले. दुसऱ्यांदा वाचताना मी ता.क.पाशी थांबले आणि तेथून पुन्हा मागे आले. चार पानांचे पत्र (वर ते थोडक्यात दिले आहे) लिहून, खाली सही करून, मग ज्या गोष्टीवाचून राहवले नाही ती तुम्ही ताज्या कलमात लिहिलीत. म्हणून आधी माझे मत स्पष्ट सांगते आणि कारणे नंतर देते. ही नोकरी तुम्ही सोडावी. मात्र या महिन्यात नव्हे, तर मे महिन्याच्या मध्यावर, आणि तोपर्यंत मी खाली लिहिलेली कामे एकेक करून हातावेगळी करावीत.

कामाचा बोजा एवढाच प्रश्न असता तर मी कदाचित वेगळे उत्तर दिले असते. बोजा हलका करण्याचे मार्ग असतात: रजा, दुसरी शाखा, दुसरा वरिष्ठ, किंवा तोच पगार देणारी दुसरी बँक. पण तुमची झोप उडाली आहे ती केवळ बारा तासांच्या दिवसामुळे नाही. ज्या खुर्चीवर बसून तुम्ही दिवसभर ‘मी सांगतो ना, निश्चिंत राहा’ असे म्हणता, त्या वाक्यावर आता तुमचाच विश्वास उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली कामातून येणाऱ्या ‘बर्नआउट’ची व्याख्या करताना त्याला आजार म्हटले नाही, कामाशी निगडित अवस्था म्हटले आणि तिची तीन लक्षणे सांगितली: थकवा, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपण काही नीट करू शकत नाही असे वाटू लागणे. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत, पण दुसऱ्या लक्षणाचे मूळ ता.क.मध्ये आहे आणि ते रजेने जाणार नाही. दुसऱ्या खासगी बँकेच्या विक्रीच्या खुर्चीवर बसलात तरी तिसऱ्या महिन्यात तुमच्यासमोर दुसऱ्या कोणाची तरी मुदत ठेव येईल.

शरीराचीही बाब लहान नाही. दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा धरूनही तुमचा आठवडा साठ तासांच्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी, तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका 17 टक्क्यांनी अधिक असतो. रक्तदाब 150/100 असताना हा आकडा तुमच्या वडिलांनाही वाचून दाखवावा असे मला वाटते. रक्तदाब आजच डॉक्टरांना दाखवा, नोकरीचा निर्णय होईपर्यंत थांबू नका. पहाटेच्या जागरणाविषयीही त्यांना मोकळेपणाने सांगा, आणि त्या वेळी मनात फार काळे विचार येत असतील तर 14416 या टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

आता हिशोब करू. तुम्ही पगारातील फरक 48,000 असा मांडता आणि त्यानेच घाबरता, पण घरात येणाऱ्या पैशांतला फरक 35,000 आहे, हे तुमच्याच आकड्यांत दिसते. याचे एक कारण प्राप्तिकर. 2025-26 च्या नव्या करप्रणालीच्या दरांनी आज तुम्हाला वर्षाला सुमारे 88,000 रुपये कर लागतो. 72,000 च्या पगारावर तो शून्य होईल. दुसरे कारण मात्र इतके आनंदाचे नाही. आज 60,000 च्या मूळ वेतनावर तुमचे 7,200 आणि बँकेचे 7,200 भविष्य निर्वाह निधीत जातात. संस्था 15,000 च्या मर्यादेवर वर्गणी भरणार असल्याने तेथे 1,800 आणि 1,800 जातील. म्हणजे म्हातारपणासाठी आपोआप बाजूला पडणारे महिन्याचे 10,800 रुपये बंद होतील. या निर्णयाची खरी किंमत मला येथे दिसते. ती आज जाणवणार नाही, 58 व्या वर्षी जाणवेल. त्यामुळे संस्थेकडे पूर्ण मूळ वेतनावर निधी कापण्याची विनंती जरूर करा. नाही म्हणाले तरी विचारण्यात काही गैर नाही.

तुमच्या खर्चाच्या यादीत मला एक गोष्ट जुळेना. दोघांचे मिळून घरात 1,19,000 येतात आणि यादी 83,000 ची आहे, म्हणजे महिन्याला 36,000 शिल्लक पडायला हवेत, वर्षाला सव्वाचार लाखांहून अधिक. तरीही साडेचार वर्षांनंतर तुमच्याकडे चार लाखांची एकच ठेव आहे. मग उरलेले जातात कुठे? मी अनेक घरांतले असे हिशोब पाहिले आहेत आणि माझा अंदाज असा की त्यांतला मोठा भाग या नोकरीनेच खाल्ला आहे: रात्री नऊला स्वयंपाक करायचे त्राण नाही म्हणून मागवलेले जेवण, मुलीला वेळ देता आला नाही म्हणून घेतलेले खेळणे, मार्च एंडिंगनंतर ‘आता चार दिवस लांब कुठेतरी जाऊ’ म्हणून ऐन वेळी महागात काढलेली तिकिटे. तीन महिन्यांची खात्याची पाने छापून घ्या, पत्नीसोबत बसा आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करा. पगार 70,000 झाल्यावर जे खर्च आपोआप गळतील ते वेगळे दिसतील आणि जे गळणार नाहीत तेही.

गृहकर्जाकडे तुमचे लक्ष गेलेले नाही, आणि ते तुमच्यासारख्या बँकेतल्या माणसाकडून सुटावे याचे मला नवल वाटले नाही, कारण स्वतःच्या कागदांकडे आपण शेवटी पाहतो. कर्मचारी दराचे कर्ज नोकरी सोडताच साधारणपणे इतर ग्राहकांच्या दरावर जाते. काही बँकांच्या मंजुरीपत्रात ते ठरावीक मुदतीत फेडण्याचे किंवा दुसरीकडे वळवण्याचे कलमही असते. मंजुरीपत्र कपाटातून काढा आणि ते कलम शोधा. समजा दर 7 टक्क्यांवरून साडेआठ झाला, तर 24 लाख बाकी आणि 12 वर्षे मुदत असताना हप्ता सुमारे 24,700 वरून 26,600 वर जाईल. महिन्याला दोन हजार ही काही आभाळ कोसळण्याची रक्कम नाही, पण ती जूनमध्ये अचानक कळण्यापेक्षा फेब्रुवारीत कळलेली बरी. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, त्यामुळे दुसऱ्या बँकेचा दर कमी असेल तर कर्ज तिकडे नेण्याची वाट मोकळी आहे.

विम्याचे काम राजीनाम्याच्या आधी व्हायला हवे, नंतर नव्हे. बँकेचा सामूहिक आरोग्यविमा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो आणि संस्थेकडे तो नाही. सामूहिक विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि तसे केल्यास आधीच्या वर्षांचा प्रतीक्षाकाळ (जुन्या आजारांना संरक्षण मिळण्याआधी थांबावे लागते ती मुदत) मोजला जातो; तुमच्या रक्तदाबाचा आणि आईच्या मधुमेहाचा विचार करता हे फार महत्त्वाचे आहे. मनुष्यबळ विभागाला आजच विचारायची गरज नाही, पॉलिसीच्या कागदावरील कंपनीच्या क्रमांकावर विचारा. वडील 72 वर्षांचे आहेत असे तुम्ही लिहिता. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वयवंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण ऑक्टोबर 2024 पासून मिळते. ते कार्ड या आठवड्यात काढून घ्या. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, हीदेखील थोडी मदत आहे.

तारखेविषयी. ग्रॅच्युइटीसाठी (नोकरी सोडताना मालकाकडून मिळणाऱ्या एकरकमी रकमेसाठी) सलग पाच वर्षांची नोकरी लागते. चार वर्षे आणि 240 दिवसांवरही ती मिळावी असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, पण तुम्ही त्या वादात पडू नये, कारण तुम्हाला फक्त 10 मे ओलांडायचा आहे. तुमची नोटीस 90 दिवसांची आहे. 14 फेब्रुवारीच्या सुमारास राजीनामा दिलात तर ती 15 मे रोजी संपते, संस्थेची तारीख सांभाळली जाते आणि मध्ये दोन आठवडे घरी झोपायला मिळतात. 60,000 च्या मूळ वेतनावर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी, महिना 26 दिवसांचा मानून दर वर्षामागे 15 दिवसांचे वेतन धरले तर, सुमारे 1,73,000 रुपये होते. तेव्हा तुमच्या गाडीच्या कर्जाचे 9,500 चे दहा हप्ते उरलेले असतील. ते याच रकमेतून एकरकमी फेडून टाका आणि उरलेल्या पैशांना हात लावू नका. बँकेने आधीच मोकळे केले तर काय, हा धोका आहेच, म्हणून राजीनाम्यात कामाचा शेवटचा दिवस 15 मे असे स्पष्ट लिहा आणि त्याची पोच घ्या. मार्च एंडिंग तोंडावर असताना कोणतीही शाखा आपला माणूस सहसा लवकर सोडत नाही. तरीही सोडलेच, तर पावणेदोन लाखांसाठी तब्येत पणाला लावायची नाही, हे आतापासून ठरवून ठेवा. भविष्य निर्वाह निधी मात्र काढू नका, नव्या खात्याकडे वर्ग करा.

हे सगळे धरून जूनपासूनचा महिना मी असा मांडते: 83,000 मध्ये गृहकर्जाचे 2,000 वाढतात, आरोग्यविम्याचे 5,000 धरू, गाडीचे 9,500 जातात. साधारण 80,500 लागतील आणि घरात 84,000 येतील. यात एसआयपी चालू आहे, मुलीची शाळा चालू आहे. चैन नाही, ओढाताण आहे, पण घर उभे राहते. हिशोब जर 10,000 ने तुटत असता तर मी तुम्हाला आणखी वर्षभर थांबून कर्ज कमी करायला सांगितले असते.

आता संस्थेविषयी, कारण तेथे मला थोडी काळजी वाटते. ‘दहा ते साडेपाच’ एवढे ऐकून तुम्ही हुरळून जाऊ नये. गेल्या बारा महिन्यांत पगार कोणत्या तारखांना जमा झाला, हे तेथील दोन कारकुनांना चहा पाजून विचारा; विनाअनुदानित संस्थांत पगार लांबण्याचे प्रकार मी जवळून पाहिले आहेत. नेमणुकीचे पत्र वेतनश्रेणीसह लेखी मागा. आणि 31 मे रोजी निवृत्त होणाऱ्या लेखाधिकाऱ्यांना त्यांच्या घरी जाऊन भेटा. त्यांना एकच प्रश्न विचारा: ‘ज्या कागदावर सही करू नये असे तुम्हाला वाटले, असा कागद समोर आला तेव्हा तुम्ही काय केले?’ लेखाधिकारी म्हणजे सही. बँकेत तुम्ही दुसऱ्याची सही घेत होता, तेथे तुमची घेतली जाईल. ते उत्तर देताना अडखळले, विषय बदलला, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, तर मला पुन्हा पत्र लिहा. तसे असेल तर माझा सल्ला बदलेल आणि आपण तिसरी जागा शोधू. तसे काही नसेल तर पगारातल्या फरकाला तुम्ही भिऊ नये.

तुमच्या वडिलांवर रागावू नका. प्रेसमध्ये लागलेला माणूस तेथूनच निवृत्त होतो, कॉलनी, सोसायटी, मुलांची शिक्षणे सगळे त्या एका नोकरीच्या आधाराने होते, असे नाशिकरोडला त्यांनी आयुष्यभर पाहिले. त्यांच्या दृष्टीने तुम्ही पगार सोडत नसून छप्पर सोडत आहात. त्यांना ‘मला टेन्शन येते’ असे सांगितलेत तर ते ‘आम्हाला नव्हते का’ असे म्हणतील. त्याऐवजी वर मांडलेला हिशोब कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा, आणि ता.क.मधली गोष्ट त्यांना सांगा. नोटा छापणाऱ्या खात्यात काम केलेल्या माणसाला विश्वासाची किंमत दुसऱ्या कोणी समजावून सांगावी लागत नाही.

पत्नीचे काय म्हणणे आहे, हे तुमच्या पत्रात कोठेही नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. 2004 साली मी बँकेतील नोकरी सोडून निम्म्याहून कमी पगारावर महाविद्यालयात शिकवायला गेले तेव्हा यजमानांना नेमणुकीच्या पत्रावर सही केल्यानंतर सांगितले. ते विरोधात नव्हते. पण पुढची दोन वर्षे प्रत्येक टंचाईच्या महिन्यात ‘तू ठरवलंस’ हा शब्द आमच्यामध्ये येऊन बसायचा. पैसे कमी पडले म्हणून मला कधी पश्चात्ताप झाला नाही, त्या शब्दाने मात्र झाला. शिवाय लग्नकार्यात ‘सध्या कुठे असता’ असे कोणी विचारले की वर्षभर माझा आवाज थोडा खाली जायचा. तसा तुमचाही जाईल. दुसऱ्या वर्षी हे थांबते.

राहिल्या त्या शिक्षिका. त्यांचे काम राजीनाम्यापर्यंत थांबवू नका. पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून तीस दिवसांत ती विनाअट परत करता येते, पण ती मुदत आता उलटून गेली आहे. पुढचा लाखाचा हप्ता ऑक्टोबरमध्ये आहे आणि तोवर त्यांना काही कळणार नाही. एखाद्या सुटीच्या दिवशी त्यांच्या घरी जा, कॉन्कॉलचा फोन गाडीत ठेवा आणि जे घडले ते जसेच्या तसे सांगा. दरवर्षी भरायचे आहेत हे सांगितले गेले नव्हते, अशी तक्रार त्यांना विमा कंपनीकडे लेखी करता येते. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते नकाराचे आले तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) जाता येते, त्यांचे एक कार्यालय पुण्यात आहे आणि शुल्क लागत नाही. अर्ज लिहायला त्यांना मदत करा. यातून तुम्हाला बँकेत स्पष्टीकरण द्यावे लागू शकते, हे मी लपवत नाही, आणि म्हणूनच हे काम नोटीस काळावर टाकण्याचा मोह तुम्हाला होईल. त्या कदाचित रागावतील, कदाचित चहा टाकतील. पॉलिसीचा कागद पाहायला मागा, आणि हप्त्याचा रकाना त्यांना स्वतःच्या चष्म्याने वाचू द्या.